गच्चीवर गाणारा काउबॉय: खून, घोडा आणि कूलर

गाणाऱ्या काउबॉयचे जुने हॉलिवूड सिनेमे गच्चीवर दाखवायचे असतील, तर मे महिन्यात नागपुरात साडेसातच्या आधी पडदा लावू नका. उजेडात कृष्णधवल सिनेमा नुसता राखाडी दिसतो.

सुरुवात 1935 च्या ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’पासून करा. यातला गाणारा काउबॉय जीन ऑट्री औषधं विकणाऱ्या फिरत्या खेळासोबत गावी परततो, तर बापाचा खून झालेला आणि आळ जुन्या मित्रावर! सिनेमा जेमतेम तासाभराचा, म्हणून कॉपी घेताना आधी लांबी बघा. रिपब्लिक कंपनीचे असे बरेच सिनेमे पुढे टीव्हीसाठी 53-54 मिनिटांवर आणले गेले. कात्री गाण्यावर चालली की त्याला लागून आलेला संवादही जातो, आणि मग आळ नेमका कशावरून आला तेच कळत नाही. तशीही खुनी ओळखायला फार डोकं लागत नाही म्हणा. सुटाबुटातल्या, अतिगोड बोलणाऱ्या माणसावर नजर ठेवा. मजा तपासापेक्षा घोडदौडीत आणि गाण्यांत आहे.

प्रोजेक्टर 4:3 वर (रुंदी 4, तर उंची 3) ठेवा. 2 मीटर रुंद चित्राला दीड मीटर उंची लागते. 16:9 वर ताणलं तर घोडा बुटका नि लांबुळका दिसतो, अन् पोरं खुनाच्या सीनलाही हसतात.

आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा असतो. सराउंड बंद करून एकच स्पीकर पडद्याजवळ ठेवा, बास उतरवा. कूलर स्पीकरपासून लांब, प्रेक्षकांच्या मागे आणि लो स्पीडवर. नाहीतर त्याच्या घरघरीत साक्षीदार काय बोलला ते कोणालाच ऐकू येणार नाही.