आमची वाटचाल : दुरुस्तीपासून पारखीपर्यंत

बेळगावात खडे बाजाराला लागून असलेल्या बोळात आमचं दुकान आहे. सत्तरच्या दशकात बाबांनी ते टाकलं तेव्हा काम एकच होतं, बंद पडलेलं घड्याळ चालू करून देणं. कॅम्पातले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान, निपाणीच्या तंबाखू वखारींतले दिवाणजी, खानापूरकडचे मास्तर, सगळ्यांच्या मनगटावर चावीची घड्याळं. एचएमटी या सरकारी कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूत घड्याळं करायला घेतली आणि पुढे 17 ज्वेलची 'जनता' घरोघरी गेली. मग सेलवरची घड्याळं आली आणि आमचा धंदा बसला. कित्येक वर्षं आम्ही सेल बदलून आणि पट्टे विकून काढली.

2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं, तशी लोकांनी कपाटातली घड्याळं बाहेर काढली. पण आता दुरुस्तीपेक्षा दुसराच प्रश्न पुढे येऊ लागला. "हे ओरिजिनल आहे काय वो?" "ओरिजिनल ऐती एन्री?" दोन्ही भाषांत विचारणा तीच. तेव्हापासून आम्ही पारख करून लेखी चिठ्ठी देतो, मराठीत किंवा कन्नडमध्ये, मागाल तशी. आणि ज्या घड्याळाची पारख केली ते आम्ही विकत घेत नाही. ज्याला स्वस्तात घ्यायचंय त्याने किंमत सांगू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पारखीचा निम्मा वेळ डायलवर जातो. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून मी आधी सहाच्या आकड्याखाली बघतो. स्विस घड्याळाला तिथे कडेलगत बारीक अक्षरांत 'स्विस मेड' किंवा नुसतं 'स्विस' असतं. नंतर पुन्हा रंगवलेल्या डायलवर ते बहुधा गायब असतं, नाहीतर जाड, पसरट. मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. निळे, केशरी, भडक डायल दिसले की माझा हात थबकतो. एचएमटी 'जवान'च्या नावाखाली नवीन रंगवलेले डायल तर इतके फिरतात की माझ्याकडे आलेल्यांत अस्सल थोडीच निघाली.

पन्नाशीच्या दशकातलं घड्याळ असेल तर मी दुकानातला दिवा घालवतो. तेव्हा काट्यांना रेडियमचा रंग लावत. रेडियम अजून शाबूत असतं, त्याचं अर्धं आयुष्यच 1,600 वर्षांचं, पण त्याच्यासोबतचा चमकणारा झिंक सल्फाइड केव्हाच जळून गेलेला असतो. म्हणून असा काटा अंधारात लख्ख चमकला, तर रंग नंतर लावलेला. तो रंग घरी खरवडून बघू नका, ती पूड नाकात जाणं वाईट.

मशीन डायलशी जुळलं पाहिजे. फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीच्या डायलवर 'ट्विन पॉवर', म्हणजे स्प्रिंगचे दोन डबे, लिहिलंय आणि आत डबा एकच, तर ती दोन घड्याळांची जोडणी झाली. चाल मोजायला आता यंत्र आहे. पूर्ण चावी दिल्यावर बॅलन्सचा, म्हणजे मागे-पुढे डोलणाऱ्या चाकाचा, झोका 270 अंशांच्या पुढे असला तर तब्येत उत्तम. 220 च्या खाली असला तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा धरायचा. केसवर फार पॉलिश मारलेलं असेल तर पट्टा अडकवायच्या कानांच्या धारा साबणासारख्या गोल होतात, आणि गेलेला धातू परत येत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसातल्या घड्याळांची चावीची दांडी मी आवर्जून काढून बघतो. गंज तिथूनच आत शिरतो.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार त्यांच्या वडिलांचं फाव्र-ल्यूबाचं 'सी चीफ' घेऊन आले. चांदीसारखा स्वच्छ डायल. त्यांना एका व्यापाऱ्याने चांगली रक्कम बोलली होती, मुलीच्या लग्नाला ती उपयोगी पडणार होती. मशीन अस्सल होतं, झोका 280. पण 'स्विस मेड' नव्हतं आणि तीनजवळची एक रेष सरकलेली होती.

झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या खुणा होत्या. घड्याळजी दुरुस्तीची तारीख आणि आपली अक्षरं अशीच टाकतात, आमच्या पारखीत त्याला मोठा मान आहे. तीन खुणा. मधली '8-79', आणि शेजारी बाबांचा शेपटीवाला 'द'.

बाबा मागे बसले होते. त्यांनी आयग्लास घेतला, बराच वेळ बघितलं. "हो, डायलवर डाग होते. मीच रंगवायला मुंबईला पाठवला होता. यांच्या वडलांनी नव्यासारखं करून मागितलं होतं." त्या काळी सगळे तेच मागत आणि नव्यासारखं करून देणं हेच चांगलं काम होतं. आज माझ्या अंदाजाने त्या रंगाने घड्याळाची किंमत निम्म्यावर आली होती.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिही."

मी चिठ्ठीवर लिहिलं : मशीन अस्सल, चाल उत्तम, केस मूळची, डायल रंगवलेला, ऑगस्ट 1979, आमच्याच दुकानामार्फत. खाली बाबांनी सही केली. सुभेदारांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि घड्याळ मनगटावर चढवलं. पारखीचे पैसे आम्ही घेतले नाहीत.