पेटी दबली तरच बोल ऐकू येतात

खंजिरी भजनाच्या रेकॉर्डिंगात पेटी आणि गळा एकाच फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात भांडतात. पेटीचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतला तर दोन ओळींमधली जागा ओकीबोकी वाटते. म्हणून साइडचेन: गायक गातो तेवढ्यापुरतीच पेटी दबते.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गळ्याच्या ट्रॅकवरून पेटीच्या ट्रॅकला सेंड द्या, म्हणजे गळ्याचा सिग्नल तिकडेही पाठवा, चॅनल १/२ वरून ३/४ वर. सेंड प्री-फेडर (फेडरच्या आधी घेतलेला) ठेवा, नाहीतर गळ्याचा फेडर हलवला की पेटीचं दबणंही बदलतं. पेटीवर रीकॉम्प (रीपरमधला कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज दाबणारा प्लगइन) लावून डिटेक्टर इनपुट, म्हणजे तो कोणता आवाज ऐकून दाबणार ते, ‘ऑक्झिलरी’ करा. हे विसरलं तर पेटी स्वतःलाच दाबत बसते. रेशो (किती दाबायचं) ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) २५० च्या आसपास. थ्रेशोल्ड, म्हणजे दाबणं सुरू होण्याची पातळी, हळूहळू उतरवा. मीटर ३-४ डीबी दबणं दाखवू लागला की थांबा. दबलेला आवाज आपोआप परत वाढवणारा ऑटो मेक-अप बंद.

खरी डोकेदुखी खंजिरीची. तिच्या झांजा गायकाच्या माइकात शिरतात आणि प्रत्येक थापेला पेटी गचका खाते. रीकॉम्पमधला लो-पास (वरच्या फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) २५०० हर्ट्झवर आणा. हा फिल्टर फक्त डिटेक्टरला लागतो, पेटीचा आवाज बोदा होत नाही. तरीही गचके राहिलेच तर गळ्याच्या ट्रॅकची कॉपी करून त्यातल्या नुसत्या थापा कापा, कॉपीचा मास्टर सेंड बंद करा, म्हणजे ती मिक्समध्ये ऐकू येणार नाही, अन् पेटीला सेंड मूळ ट्रॅकऐवजी त्या कॉपीवरून द्या. वेळखाऊ आहे, पण खात्रीचं.