मरून चादर, लाल फोटो: जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा माझा अनुभव

पहिली चादर परत आली तेव्हा दाजी काही बोलले नाहीत. दुसरी आली तेव्हा त्यांनी ती दुकानातल्या गादीवर माझ्यासमोर पसरली आणि शेजारी मोबाईल ठेवला. मोबाईलवर मी काढलेला फोटो होता, टोमॅटोसारखा लालभडक. गादीवरची चादर मरून होती, वाळलेल्या आमसुलाच्या जवळ जाणारी.

"तूच सांग, ही तीच आहे का?"

सोलापुरात पूर्व भागात दाजींचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. त्यांनी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि मी लग्नाचे फोटो काढतो एवढ्या पात्रतेवर फोटोंचं काम माझ्याकडे आलं. कॅमेरा बरा आहे. लॅपटॉप मात्र २०१४ सालचा, १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ स्क्रीनचा. एसएसडी टाकून, रॅम वाढवून मी तो चालता ठेवलाय. स्क्रीनचा विचार कधी मनातही आला नव्हता. चित्र दिसतंय ना, मग झालं.

आधी संशय कॅमेऱ्यावर गेला, मग गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर. तेवढ्यात जानेवारीतली गोष्ट आठवली. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीचे फोटो काढून मी वीस-पंचवीस प्रिंट केल्या होत्या. मानकऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या कागदावर पिवळट आल्या होत्या, धुऊन नीळ न घातल्यासारख्या. लॅबवाल्याशी मी हुज्जत घातली. तो शांतपणे म्हणाला, "फाइलीत जे आहे तेच आलंय." तेव्हा मला तो उर्मट वाटला होता.

त्या रात्री ती फाइल फोटोशॉपमध्ये उघडली आणि पहिल्यांदाच डोळ्यांऐवजी आकडे वाचले. आयड्रॉपर, म्हणजे रंगाचे आकडे सांगणारं टूल, बाराबंदीवर ठेवला: लाल २४३, हिरवा २३८, निळा २१४. निखळ पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. फाइल पिवळीच होती आणि ती मीच पिवळी केली होती. माझी स्क्रीन निळसर झुकलेली. तिच्यावर पांढरं थंड दिसायचं म्हणून मी प्रत्येक फोटोत थोडी ऊब ओतत होतो. चादरीचंही तसंच. गडद मरून या स्क्रीनवर मेलेला, तपकिरी दिसायचा, म्हणून मी सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवत न्यायचो. माझ्याकडे तो जेमतेम मरून व्हायचा आणि चांगल्या मोबाईलवर किंचाळायचा.

मग वाचायला बसलो. त्या काळच्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपांत टीएन जातीचं पॅनेल असायचं. ते प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्या दाखवतं, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. मधल्या छटा पॅनेल दोन शेजारच्या छटांमध्ये झपाझप उड्या मारून भासवतं. हे एक वेळ चालून जातं. खरी गोची गॅमटची, म्हणजे पॅनेल किती निखळ लाल, किती निखळ हिरवा दाखवू शकतं याची. एचपी आणि मायक्रोसॉफ्टनी १९९६ मध्ये मांडलेलं एसआरजीबी हे इंटरनेटवरच्या फोटोंचं सर्वसाधारण माप आहे. या पॅनेलांच्या माहितीपत्रकात मात्र '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालच्या रंगीत टीव्हीचं माप. अख्खं एसआरजीबी त्या मापाने ७२ टक्के भरतं. म्हणजे ४५ वालं पॅनेल एसआरजीबीच्या साधारण साठ टक्क्यांवर थांबतं. त्याचा सगळ्यात निखळ लालसुद्धा नारिंगीकडे झुकलेला. माझा मरून जिथे राहतो, त्या गल्लीत हे पॅनेल शिरतच नाही.

वर कोनाचा त्रास वेगळाच. पूर्ण स्क्रीनभर एकच राखाडी रंग लावून बघा. माझ्याकडे वरची पट्टी काळवंडलेली आणि खालची फिकट दिसली. मान जरा वर-खाली केली की सगळंच बदलायचं. मी बैठ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कधी लोडाला टेकून, कधी पुढे वाकून काम करणारा माणूस. म्हणजे एकाच लग्नातले फोटो माझ्या पाठदुखीप्रमाणे उजळ किंवा गडद होत होते.

विंडोजमध्येच रंग जुळवायची एक सोय आहे, ती आधी करून पाहिली. पट्ट्या सरकवत राखाडी रंग 'नजरेला' राखाडी करायचा. डोळा दोन मिनिटांत कशालाही सरावतो, त्यामुळे मी केलेला राखाडी सकाळी उठून पाहिला तर गुलाबी होता. एक संध्याकाळ गेली, बाकी काही नाही.

पुण्यात स्टुडिओत काम करणारा एक शाळेतला मित्र आहे. त्याच्याकडे कलरीमीटर आहे, स्क्रीनला चिकटवून रंग मोजायचं उंदरासारखं यंत्र. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने तो घरी आला आणि येताना ते घेऊन आला. भाडं म्हणून अर्धा किलो शेंगाचटणी ठरली. सॉफ्टवेअर फुकट मिळतं: डिस्प्लेकॅल, आत मोजणी करणारं अर्गिल. पण मोजण्याआधीची तयारी जास्त महत्त्वाची निघाली. लॅपटॉप अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा. चार्जर लावलेला हवा, कारण बॅटरीवर असताना ग्राफिक्स ड्रायव्हर वीज वाचवायला कॉन्ट्रास्ट परस्पर बदलतो. ते माझ्याकडे चालूच होतं. शिवाय रात्री स्क्रीन आपोआप पिवळी करणारी नाइट लाइट बंद. ती तर मी डोळ्यांना बरी म्हणून रोज रात्री लावायचो! मित्राने कपाळाला हात लावला. "काय बे, गॉगल घालून फोटो एडिट करतोस?"

आकडे आले. पांढरा रंग ७,९०० केल्विन, हवा होता ६,५००; आकडा जितका जास्त तितका पांढरा निळसर. एसआरजीबीचा ५८ टक्के भाग. प्रोफाइल, म्हणजे या स्क्रीनचे रंग दुरुस्त करणारी फाइल, बनवून पुन्हा मोजलं. पांढरा ६,५०० वर आला, राखाडी छटा सरळ झाल्या, उजेड मात्र थोडा कमी झाला. गॅमट ५८ चा ५८ च.

"हे वाढत नाही का?"

"जे त्याच्याकडे नाहीच ते प्रोफाइल कुठून आणणार बे? नकाशा नीट काढून दिला, जमीन तेवढीच आहे."

प्रोफाइल लावलेल्या स्क्रीनवर मी गड्ड्याचे फोटो उघडले आणि पहिल्यांदाच मला बाराबंद्या पिवळ्या दिसल्या. घरच्यांना वाटलं स्क्रीन बिघडली. प्रोफाइलचे दोन भाग असतात हेही तेव्हाच कळलं. पांढरा-राखाडी सुधारणारा भाग ग्राफिक्स कार्डात जातो आणि सगळीकडे लागू होतो. रंगांचा भाग मात्र फोटोशॉपसारखे जाणते प्रोग्रॅमच वाचतात. म्हणून एकच फोटो दोन प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हांनी दिसला तर दचकू नका.

लग्नाच्या फोटोंना एवढ्यावर भागलं असतं. त्वचेचे रंग गॅमटच्या आतच असतात. चादरी मात्र मरून, गर्द हिरव्या, राणी रंगाच्या. खरं सांगायचं तर बाहेरचा आयपीएस मॉनिटर (टीएनपेक्षा चांगल्या कोनाच्या पॅनेलचा) घेणं हाच शहाणपणाचा रस्ता होता. पण मला दुकानात चादर शेजारी ठेवून रंग बघायचा असतो आणि मॉनिटर स्कूटरवर नेता येत नाही. म्हणून पॅनेल बदलायचं ठरवलं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मालक, १५.६ म्हणजे १५.६. कुठलंही बसतंय." बसत नाही. जुन्या लॅपटॉपात ४० पिनांची एलव्हीडीएस जोडणी असते, नंतरच्यांत ३० पिनांची ईडीपी. स्क्रू लावायचे कान कुठे आहेत हे वेगळं. झाकण उघडून पॅनेलच्या पाठीवरचा नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं ३० पिनांचं निघालं. त्याच मापाचं, १९२० बाय १०८० चं, माहितीपत्रकात स्पष्ट '७२ टक्के एनटीएससी' लिहिलेलं आयपीएस पॅनेल मागवलं. 'आयपीएस' एवढंच वाचून भुलू नका. ४५ टक्केवाली आयपीएसही बाजारात भरपूर आहेत. त्यांचा कोन चांगला, रंग तेवढेच गरीब.

बसवलं, बटण दाबलं, स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, चित्र नाही. दुरुस्तीवाला माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघतोय. पॅनेल खराब म्हणून परत पाठवणारच होतो. घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. कमी रिझोल्यूशनच्या पॅनेलला ईडीपीची एकच लेन, म्हणजे चित्र वाहणारी तारांची एकच जोडी, पुरते, म्हणून कंपनीने केबलमध्ये तेवढीच ओढली होती. १०८० ला दोन लागतात. त्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीची केबल शोधून मागवली, आठवडा गेला. पॅनेल ४,६००, केबल ९००, मजुरी ५००.

चित्र आलं तेव्हा सगळं पिवळं. पुन्हा पोटात गोळा. कारण बावळट होतं: जुन्या पॅनेलची प्रोफाइल अजून चालू होती, निळा दाबण्याचा तिचा उद्योग ती नव्या पॅनेलवरही करत होती. ती काढली, पुढच्या शनिवारी मित्राला पुन्हा बोलावलं, पुन्हा चटणी. यावेळी एसआरजीबी ९६ टक्के.

तरी एक काम राहिलं होतं. चादरीचं सूत जिथे रंगतं त्या डाइंगमध्ये एक अण्णा आहेत, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. आयुष्य शेड जुळवण्यात गेलेलं. ते ट्यूबलाइटखाली कधी शेड पास करत नाहीत. लडी उचलतात, दारात जातात, उन्हाच्या कडेला सावलीत धरतात. एकदा त्यांनी मला दोन लड्या दाखवल्या. आत अगदी सारख्या, दारात एक जांभळट आणि एक विटकरी. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी आलेला सारखा रंग दिवा बदलला की फारकत घेतो. हे ऐकून मला माझी खोली आठवली: पोपटी भिंत, डोक्यावर पिवळा बल्ब. आता मी भिंतीवर राखाडी चादर लावली आहे, दिवा ६,५०० केल्विनचा आहे आणि चादरीचा फोटो दुकानाच्या ओट्यावर सकाळी सावलीत, ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायला लागणारं राखाडी कार्ड, ठेवूनच काढतो. साठवताना एसआरजीबी प्रोफाइल आत जोडतो. शेवटी दोन मोबाईलवर बघतो, एक 'नॅचरल' मोडवर आणि एक 'व्हिव्हिड'वर, कारण गिऱ्हाइकाचा 'व्हिव्हिड'वरच असण्याची शक्यता जास्त.

मरून चादरीचा नवा फोटो तयार झाला तेव्हा लॅपटॉप घेऊन डाइंगला गेलो. अण्णांनी चष्मा पुसला, स्क्रीन पाहिली, शेजारी चादरीचा कोपरा धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सवयीने लॅपटॉप उचलला आणि दाराकडे निघाले.

"अण्णा, उन्हात काही दिसणार नाही."

"मग पास कसं करू मी?"

शेवटी चादर त्यांनी दारात बघितली आणि फोटो आत येऊन. अशा चार फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला म्हणाले, "अजून एक बोट काळं घाल." मी आकडे बघितले. त्यांचं बरोबर होतं.