आमची वाटचाल : अहो, घरीच तर करता ना!

आमच्या घरी टीव्हीवर रुमाल, फ्रीजच्या हँडलला रुमाल, पाण्याच्या तांब्यावर मणी लावलेला रुमाल, म्हणजे आईने एकही वस्तू उघडी ठेवली नव्हती. हे सगळं क्रोशाचं, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एका सुईचं विणकाम. तिच्याकडूनच शाळेत असताना साखळी, मुका खांब (आखूड टाका), खांब (उंच टाका) एवढं शिकले आणि कॉलेजात गेल्यावर सगळं बंद. पुढे साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशोबाचं काम, लग्न, मुलगी, तिच्यासाठी दोन टोपडी आणि एक कुंची केली तेवढंच.

मग २०२० चं लॉकडाऊन लागलं. माळ्यावरच्या पिशवीत आईची स्टीलची बारीक सुई सापडली पण लोकरीची दुकानं बंद, म्हणून घरातले जुने स्वेटर उसवले. उसवलेली लोकर शेवयांसारखी वळ्यावळ्यांची निघते, ती इडलीपात्राच्या वाफेवर धरून सरळ करायची, वाळवायची, मग गुंडा करायचा. घरच्यांना वाटलं हिला वेड लागलं.

पुढच्या संक्रांतीला शेजारच्या काकूंच्या नातवाचं बोरनहाण होतं. त्याला काळं झबलं केलं आणि त्यावर हलव्यासारखे पांढरे गोल ठिपके उठवले. काकूंनी फोटो स्टेटसला टाकला आणि रथसप्तमीपर्यंत मला सात ऑर्डरी आल्या. मी एका झबल्याचे २५० रुपये घेतले आणि खूप खुशीत होते. एकदा रात्री सहज हिशोब मांडला, लोकर ९० ची, काम ११ तासांचं, म्हणजे तासाला साडेचौदा रुपये! दिवसभर लोकांचे हप्ते पैशापैशाने जुळवणारी मी, आणि स्वतःच्या हाताचा हिशोब कधी केलाच नव्हता.

भाव वाढवला तेव्हा पहिलं वाक्य ऐकलं ते हेच, "अहो, घरीच तर करता ना, एवढे कशाला?" अजूनही ऐकते. पूर्वी गप्प बसायचे, आता सांगते. निटिंगची, म्हणजे दोन सुयांच्या विणकामाची, मशीन असते, क्रोशाची तशी मशीन नाही, एकेक टाका सुईवर घेऊन पुरा करावा लागतो. बाजारात दोनशे रुपयांना क्रोशाचा टॉप दिसला तर तो एकतर क्रोशासारखी दिसणारी मशीनची जाळी असते, नाहीतर खराच क्रोशा असतो आणि मग करणाऱ्या बाईला त्यातले किती मिळाले असतील ते तुम्हीच बघा. झबलं आता ९५० ला आहे. ज्यांना महाग वाटतं ते जातात, मी काही रागवत नाही. चादरी आणि बेडकव्हर मात्र बंद केलं, त्याचा खरा भाव सांगितला तर माणूस फोनच ठेवून देतो.

चुका भरपूर केल्या. एका ताईंनी लंडनहून बाळाच्या स्वेटरचा इंग्रजी पॅटर्न पाठवला, मी व्हिडिओ बघून शिकलेली, त्यात 'डबल क्रोशे' लिहिलं होतं ते मी खांब समजून विणत गेले. सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर दोन वर्षांच्या पोराला बसेल एवढा झाला. नंतर कळलं की अमेरिकन लोक ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. सगळा उसवला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मुका खांब तो मुका खांब, त्यात इंग्रज नि अमेरिकन कुठून आणलास?"

गजऱ्यांनी खरा हात दिला. क्रोशाचा मोगऱ्याचा गजरा, सुकत नाही, हळदीकुंकवाच्या वाणाला शंभर शंभर जातात. एकटीने होईना म्हणून ओळखीतल्या पाच जणींना घेतलं, सगळ्यांना विणता यायचं, म्हटलं आता सोपं. तिथेच फसले. घाईत एका जोडीतला डावा पायमोजा एकीने केला आणि उजवा दुसरीने, लोकर तीच, सुई तीच, टाके मोजून तेवढेच, तरी एक तीन महिन्यांच्या बाळाचा आणि एक सहा महिन्यांच्या. एकीचा हात घट्ट, सुई टाक्यातून काढताना चिवचिव आवाज येतो, आणि दुसरीचा हात एवढा सैल की खांबातून पलीकडचं दिसतं. दोघींना सांगून बदल होईना, हात तो हातच. मग घट्टवालीला ३ मिलिमीटरची जाड सुई दिली, सैलवालीला अडीचची बारीक आणि नवीन लोकर आली की आधी प्रत्येकीने दहा टाके, दहा ओळींचा चौकोन करून दाखवायचा असं ठरवलं. जोडीची वस्तू मात्र एकाच हाताची. आता सहा जणींचे चौकोन पट्टीने मोजत बसते, नवरा म्हणतो शाळा काढलीस.

कागदपत्रांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन फुकट होते, हे मला एका एजंटाला हजार रुपये दिल्यावर कळलं. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय मार्क लागतो, तेव्हा आम्ही विणतो त्या खेळण्यातल्या सशांचं काय करायचं म्हणून झोप उडाली होती. हस्तकला विभागाकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यात सूट आहे, म्हणून मी रांगेत उभं राहून कारागिराचं पहचान कार्ड काढलं. डोळे आम्ही प्लास्टिकचे लावत नाही, दोऱ्यानेच भरतो, बाळ काहीही तोंडात घालतं.

लोकर पुण्याच्या रविवार पेठेतून आणते, सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी दोन पोती घेऊन परत. लहान बाळाचं काही असेल तर आता सुती दोराच, आपल्याकडच्या उन्हात लोकर टोचते. लाल आणि मरून दोरा आधी मिठाच्या पाण्यात भिजवून बघते, एकदा पांढऱ्या फ्रॉकला लाल काठ लावून गुलाबी फ्रॉक परत आलेला आहे.

बोरनहाणाच्या ऑर्डरी यंदा १० डिसेंबरला बंद करणार. आणि हो, बाळाचं वय नका सांगू, दोरा घेऊन छातीचं माप काढा आणि तेच पाठवा.