डावी बाजू

भाकरीवरून भांडण झालेलं मी आमच्या गावात पाहिलं नाही. कुणाला ज्वारीची लागते, कुणाला पोळीच लागते. मिळेल ते दोघंही मुकाट्यानं खातात. वरणाचंही तसंच. पातळ झालं, घट्ट झालं, माणूस एकदा कुरकुरतो आणि भात कालवून मोकळा होतो. खरी भांडणं ताटाच्या डाव्या बाजूला असतात. मीठ, लिंबाची फोड, लोणचं, ठेचा, चटणी. एवढासा ऐवज. त्यानं पोट भरत नाही, तो नसला म्हणून कुणी उपाशी राहत नाही; पण त्याच्यावरून सोयरे रुसलेले मी पाहिलेत. आमच्याच घरात एका हिरव्या पाल्यावरून तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीकडच्या मुलाशी झालं. दोघंही पुण्यात नोकरीला, तिथंच जमलं. आमचं गाव नागपूरहून उमरेड ओलांडून पुढे, भिवापूरच्या बाजूला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला दोघं गावी येणार म्हटल्यावर मायनं आठ दिवस आधीच जावयाला फोन लावला.

"जवाईबापू, सांबार चालते ना जी तुम्हाले?"

"चालतंय की मामी! सांबार म्हणजे आपला जीव की प्राण."

इथं व्याकरणानं घात केला. पुस्तकी मराठीत तिनं "सांबार चालतो ना" असं विचारलं असतं, तर त्या "तो"वरून माणसाच्या मनात निदान पाल तरी चुकचुकली असती. पण आमच्या बोलीत तो येते, ती येते आणि ते तर येतेच. त्यामुळे भाटवे (आमच्याकडे बहिणीचा नवरा म्हणजे भाटवा, आदरानं भाटवे) इडलीच्या शेजारची वाफाळती वाटी डोळ्यांसमोर आणत गाडीत बसले, आणि इकडे माय आठवडी बाजारातून सांबाराच्या सहा जुड्या पदराखाली झाकून घेऊन आली. सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भाबाहेरच्यांना हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी ते हसतात.

जानेवारीत सांबार मातीमोल भावानं मिळतो आणि त्याचा वास हातभर अंतरावरून येतो. सांबारवडी करायची तर तेव्हाच. मायनं तो निवडला, चार पाण्यांतून काढला आणि बाबांच्या जुन्या धोतरावर ओसरीत पसरून ठेवला. ओलसर राहिला तर वडी तेलात फुटते, म्हणून दर तासाला येऊन ती त्यात हात फिरवायची, लहान पोराच्या केसांतून फिरवावा तसा. मग बारीक चिरणं. त्यात खसखस, तीळ, किसलेलं सुकं खोबरं, चारोळी, तिखट, मीठ. बेसन-कणकेची पारी लाटायची, तिच्यावर चिंचगुळाचं पाणी दोन बोटांनी सारवायचं, मध्ये सारण दाबून बसवायचं आणि औषधाची पुडी बांधावी तशी पारी मिटायची. म्हणूनच हिला पुडाची वडीही म्हणतात. सोबत ताकाची कढी. ज्या घरी ही वडी होते त्या घरी पाहुण्याचा मान मोठा समजावा, कारण अर्धा दिवस जातो.

बहिणीला नवऱ्याची खोड ठाऊक होती. पण तिनं घरात पाय ठेवला तेव्हा वड्या तळून झाल्या होत्या.

ताट वाढलं. वड्या, कढी, वांग्याची भाजी, वरण. वड्यांत सांबार होताच, कढीवर भुरभुरलेला होता, वांग्यावर होता, वरणावरही होता. डाव्या बाजूच्या कोशिंबिरीतही होता. भाटव्यांनी वडीचा पहिला घास घेतला आणि चेहरा हलू न देता गिळला. माणूस चांगल्या घरचा आहे हे मला तेव्हाच कळलं. दुसरा घास त्यांनी पाण्याबरोबर घेतला. मग बहिणीकडे झुकून हळूच विचारलं, "सांबार कधी येणार?"

"तुम्ही खाताय तोच," ती म्हणाली.

रात्री सगळं बाहेर आलं. भाटव्यांना कोथिंबिरीत साबणाचा वास येतो. लहानपणापासून येतो. हे बहिणीनं मायला शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. पण "साबण" हा शब्द मऊ होत नाही. मायनं ऐकलं ते एवढंच की सांगलीच्या जावयाला आपल्या वड्यांत साबण लागला. "चार पाण्यानं धुतला मी सांबार! साबण कुठून येईन त्यात?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. घरातली झाडून सगळी भांडी अंगणात काढून ती राखेनं घासत होती. साबणाची वडी मोरीतून गायब झाली होती. ती पुढे दोन दिवस सापडली नाही.

भाटवेही गप्प बसणारे नव्हते. सांगलीला कर्नाटक हाकेच्या अंतरावर. ते म्हणाले, "कन्नडमधी कोत्तंबरी म्हणतात, संस्कृतात कुस्तुंबरी. सगळीकडं एकच शब्द फिरतोय. तुम्ही मधीच हे सांबार कुठनं आणलं?"

"वावरातून," माय म्हणाली, आणि आत निघून गेली.

ठेच्यावरून मात्र वाद झाला नाही. ह्या बाबतीत सांगली आणि भिवापूर दोघांनाही आपल्या जिभेचा गर्व, त्यामुळे एकमेकांचा आदर राखून दोघंही घाम पुसत होते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे हे मी त्यांना दोनदा सांगून घेतलं. त्या दिवसांत आमच्याकडे सातरे लागतात. लालभडक मिरच्यांचे ढीग, त्यांच्याभोवती बसून देठ खुडणाऱ्या बाया, नाकाला बांधलेले पदर. मजुरी किलोवर. संध्याकाळी घरी गेल्यावर हातांची आग होते आणि त्याच हातांनी पोराला भरवायचं असतं. भाटवे तिथून शिंकत परत आले. वाटेत मी त्यांना म्हटलं, गर्व तुम्हीही करू नका, आम्हीही करत नाही. पाचशे वर्षांमागे ही मिरची ना कृष्णाकाठी होती ना वैनगंगेकाठी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. ते हसले. पण संध्याकाळी ठेचा आणखी मागून घेतला.

ठेच्यावर आम्ही कच्चं तेल ओततो. झुणक्यावर ओततो, खिचडीवर ओततो, आणि वाळल्या चटणीत तर बोटानं आळं करून ओततो. बाहेरच्यांना ही उधळपट्टी वाटते. पण मिरचीची आग ज्यामुळे होते ते कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. तांब्यावर तांब्या पाणी पिणाऱ्याची आग तशीच राहते. तेलवाला बसतो निवांत भाकर मोडत. रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी घराघरात तेलाची बुधली ताटापाशीच असायची.

तर त्या बुधलीनं दुसरं प्रकरण उभं केलं. जवसाची चटणी भाटव्यांना मनापासून आवडली. का आवडू नये? तव्यावर जवस तडतडला की कच्चेपणा जातो, मग लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटायचा. गरम असतानाच कुटला तर स्वतःच्या तेलानं चटणी ओलावते. मायचा चेहरा जरा उजळला आणि त्या भरात तिनं चटणीवर जवसाचं तेल सोडलं. घाण्यावरचं, ओळखीच्या माणसाकडून आणलेलं. भाटव्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे तेल तर आमच्या फर्निचरवाल्याकडं असतंय."

खोटं नव्हतं. जवसाचं तेल हवेत हळूहळू वाळतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. तैलरंगात ते घालतात, लाकडाला लावतात. तोच गुण त्याला स्वयंपाकघरात नडतो. ठेवलं की खवट होतं, म्हणून आमच्याकडे ते थोडं थोडं काढून आणायचे. आमच्या आजीच्या काळी ह्याच तेलात भाज्या फोडणीला पडत. मला स्वतःला, खरं सांगायचं तर, त्याचा वास फारसा आवडत नाही. पण त्या क्षणी मी ते बोललो नाही. सासर-माहेरच्या भांडणात माणसानं आपली जीभ कुठल्या बाजूला आहे हे आधी पाहावं. मी दोन चमचे तेल जास्तीचं ओतून घेतलं आणि भाटव्यांकडे बघत खाल्लं.

फिटंफाट झाली ती त्यांच्या पिशवीतून. त्यांच्या आईनं विहिणीसाठी "घरची चटणी" पाठवली होती. मायनं डबा उघडला, तर आत कोरडी लाल पूड. आमच्याकडे चटणी म्हणजे डाव्या बाजूला वाढायची गोष्ट. सांगली, सातारा, कोल्हापूर ह्या भागात चटणी म्हणजे कांदा-लसणाचा मसाला, कालवणात घालायचा. हे बहीण सांगणार, तोवर मायनं ती सगळ्यांच्या ताटात डावभर डाव्या बाजूला वाढली होती. बाबांनी तेल ओतलं, कालवली, भाकरीचा मोठा तुकडा भरला आणि काही वेळ छताकडे बघत राहिले. भाटव्यांना वाटलं आपल्या आईची अब्रू गेली. पण मग बाबा म्हणाले, "बरी हाय," आणि परत घेतली. वर भाटव्यांनीच सांगितलं की शेतावर त्यांच्याकडेही ती तेल घालून भाकरीबरोबर खातात. मायनं त्यानंतर त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

साबणाचा तिढा राहिलाच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोनवर वाचून काढलं. कोथिंबिरीच्या पानांत अल्डिहाइड नावाची रसायनं असतात; तसलीच साबणाच्या सुगंधात असतात, आणि चिरडलेल्या हिरव्या ढेकण्याच्या वासातही. आपल्यापैकी काहींना तोच वास ठळक येतो. 2012 मध्ये जनुकांच्या एका मोठ्या अभ्यासात ह्याचा थोडा संबंध ओआर6ए2 ह्या वास ओळखणाऱ्या जनुकाशी जोडला गेला. त्याच वर्षी टोरंटोतल्या तरुणांना विचारलं गेलं, तेव्हा कोथिंबीर न आवडणारे पूर्व आशियाई मुळाच्या लोकांत 21 टक्के निघाले, युरोपीय मुळाच्यांत 17, आपल्या दक्षिण आशियाई लोकांत 7. म्हणजे आपल्याकडे शंभराच्या पंगतीत सातेक जण मुकाट्यानं वरणातली पानं बाजूला सारत असणार.

हे सगळं मी मायला सांगितलं. ती तूर निवडत होती.

"म्हणजे वास त्यायच्या नाकात हाय, वडीत नाही."

"नाही."

"मंग पहिले काहून नाही सांगितलं?"

पुढे मी असंही वाचलं होतं की पानं नीट चेचली, वाटली, की पानांतलेच एन्झाइम त्या अल्डिहाइडना मोडायला लागतात आणि साबणाचा वास बराच उतरतो. म्हणून चिरलेली कोथिंबीर न चालणाऱ्यालाही वाटलेली चटणी चालू शकते. हे ऐकून माय काही बोलली नाही. उठली, ओसरीतला पाटा धुतला (नुसत्या पाण्यानं, हे तिनं मला दाखवून धुतला) आणि उरलेल्या एका जुडीचा सांबार, हिरवी मिरची, लसूण, फल्लीदाणे घेऊन वाटायला बसली. एकदा वाटलं. गोळा करून परत वाटलं. मग वाटीत झाकून ठेवलं आणि पुन्हा तूर घेतली.

रात्री ती चटणी भाटव्यांच्या ताटात डावीकडे पडली. त्यांनी विचारलं नाही, मायनं सांगितलं नाही. त्यांनी खाल्ली. थोडी उरली, पण खाल्ली.

जेवणं झाल्यावर माय पाटा उभा करून ठेवताना थांबली. आमचे आजोबा वरणातला सांबार एकेक पान करून वेचायचे आणि ताटाच्या काठावर ओळीनं लावून ठेवायचे, हे मलाही आठवतं. आजी दर वेळी म्हणायची, बुढ्याचे नखरे. जन्मभर म्हणाली.

"तुही आजी मले सांगे," माय म्हणाली, "सांबार दोनदा वाट, बुढ्याले पान दिसू देऊ नको. नवी होती मी. मले वाटे, त्यायले दात नाही म्हणून सांगते."

तिनं हात पदराला पुसले.

"पण दात तं होते त्यायचे. ऊस सोलत दातानं."