फुटसालची युरोपियन क्लब स्पर्धा: सामना सहाव्या फाउलवर फिरतो

फुटसाल म्हणजे छोट्या मैदानावर पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल. युरोपातल्या क्लबांसाठी त्याची स्पर्धा २००१-०२ च्या मोसमात सुरू झाली. तेव्हा तिचं नाव यूएफा (युरोपची फुटबॉल संघटना) फुटसाल कप होतं, २०१८-१९ पासून ती यूएफा फुटसाल चॅम्पियन्स लीग झाली. पहिल्या दोन्ही वर्षी स्पेनच्या प्लायास दे कास्तेयोनने ती जिंकली. पुढे माद्रिदच्या इंटरने पाच विजेतेपदं मिळवली, बार्सिलोनाने चार. कझाकस्तानच्या कैरात अल्माटीने २०१३ आणि २०१५ मध्ये, तर लिस्बनच्या स्पोर्टिंगने २०१९ आणि २०२१ मध्ये बाजी मारली. मग मायोर्का बेटावरचा पाल्मा आला. २०२३ मध्ये पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला आणि थेट विजेता झाला. २०२४ ला आर्मेनियातल्या येरेव्हानमध्ये आणि २०२५ ला फ्रान्समधल्या ल माँमध्येही तोच जिंकला. सलग तीनदा ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला क्लब.

या पातळीवर पायांतलं कौशल्य सगळ्यांकडेच असतं. निकाल बहुतेक वेळा फाउलच्या हिशेबावर लागतो, असं माझं ठाम मत आहे. फुटबॉल बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट निसटते.

नियम असा. ज्या फाउलसाठी थेट फ्री किक किंवा पेनल्टी मिळते, असे संघाचे सगळे फाउल हाफभर मोजले जातात. अप्रत्यक्ष फ्री किकचे गुन्हे यात धरत नाहीत. पंचांनी ॲडव्हान्टेज दिला, म्हणजे समोरच्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवला, तरी फाउल माफ होत नाही, खेळ थांबला की तो हिशेबात चढतो. पाचवा फाउल झाला की टाइमकीपर त्या संघाच्या बाजूला टेबलावर खूण उभी करतो. सहाव्यापासून पुढच्या प्रत्येक फाउलला बचावाची भिंत नाही. चेंडू गोलपासून १० मीटरवरच्या खुणेवर ठेवतात, बाकी सगळे चेंडूच्या मागे आणि त्यापासून किमान ५ मीटर दूर. समोर एकटा गोलकीपर, तोही चेंडूपासून ५ मीटरच्या आत येऊ शकत नाही. फाउल १० मीटरच्या आत पण पेनल्टी क्षेत्राबाहेर झाला असेल, तर किक तिथूनच घ्यायची की खुणेवरून, हे किक घेणारा संघ ठरवतो.

मैदान ४० बाय २० मीटरचं, गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. एवढ्या जागेत चांगल्या नेमबाजासाठी १० मीटरवरची मोकळी किक ही जवळपास पेनल्टीच.

गडबड कुठे होते? पहिल्या आठ-दहा मिनिटांत. संघ वरपर्यंत प्रेसिंग करतो, म्हणजे पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यावर चेंडूसाठी दबाव टाकतो, चेंडू हिसकावताना उशिरा पाय घालतो, मागून ढकलतो, आणि बघता बघता चार फाउल खात्यावर जमतात. आता प्रेसिंग करायची भीती वाटते, म्हणून चौघे आपल्या अर्ध्यात माघार घेतात. समोरचा संघ लगेच पिव्होटकडे चेंडू देतो. पिव्होट म्हणजे गोलकडे पाठ करून उभा राहणारा आघाडीचा खेळाडू. तो अंगाने चेंडू झाकून थांबतो, कारण त्याला पाठीवर धक्का हवाच असतो. म्हणून चौथ्या फाउलनंतर पिव्होटला पाठीमागून चिकटायचं नाही, अर्ध्या हाताचं अंतर ठेवून फक्त त्याची वळायची वाट अडवायची. तो वळलाच तर दुसऱ्याने कव्हर द्यायचं. हे शिकवायला सोपं आणि दमल्यावर पाळायला फार अवघड.

दमणं तर अटळच. सामना २०-२० मिनिटांचा, पण चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं. त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा ते दीड तास जातो. यादीत १४ खेळाडू, मैदानात ५, बदल अमर्याद. चांगले प्रशिक्षक चौघांची तुकडीच्या तुकडी दोन-तीन मिनिटांनी बदलतात. आत जाणाऱ्याने बाहेर येणाऱ्याच्या हातात आधी बिब (राखीव खेळाडू जर्सीवर घालतात ती रंगीत बंडी) द्यायचा, तो बदलाच्या क्षेत्रातूनच बाहेर आला की मगच आत जायचं. घाई केली की पिवळं कार्ड. अंतिम चार संघ एका शहरात जमतात, शुक्रवारी उपांत्य फेरी आणि रविवारी अंतिम सामना. शुक्रवारी ज्याने सहा-सात जणांवरच सामना रेटला, त्याचे पाय रविवारी उशिरा पोहोचतात आणि उशिरा पोहोचलेला पाय म्हणजे फाउल.

टाइमआउट प्रत्येक हाफला एकच, एक मिनिटाचा. पहिल्या हाफमधला वापरला नाही तर तो गेला, पुढे नेता येत नाही. तरीही तो साठवून ठेवणारे प्रशिक्षक दिसतात, याचं मला नवल वाटतं. चेंडू आपल्या ताब्यात असतानाच तो मिळतो. त्यामुळे हाफच्या शेवटच्या मिनिटात किक-इन (बाजूच्या रेषेवरून पायाने चेंडू आत टाकणं) किंवा कॉर्नरची ठरलेली चाल बसवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. फक्त किक-इन, कॉर्नर, फ्री किक सगळं ४ सेकंदांत सुरू करावं लागतं हे विसरायचं नाही.

मागे पडलेला संघ शेवटच्या काही मिनिटांत गोलकीपरच्या जागी पाचवा हल्लेखोर आणतो. अंगावर गोलकीपरच्या रंगाची जर्सी, पाठीवर स्वतःचाच नंबर. बरेच संघ इथे एक नियम विसरून फसतात. गोलकीपर आपल्या अर्ध्यात चेंडू ४ सेकंदच ठेवू शकतो. तो त्याने सोडल्यावर, प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय, त्याच अर्ध्यात सहकाऱ्याकडून पुन्हा घेऊ शकत नाही. मध्यरेषा ओलांडली की ही दोन्ही बंधनं संपतात. म्हणून त्याने आधी रेषा ओलांडायची, मग पास मागायचा.

पुढचं काम संयमाचं. बचाव करणारे चौघे चौकोन करून सरकतात. हल्लेखोरांपैकी दोघे दोन कोपऱ्यांकडे, गोलच्या खांबांजवळ पोहोचता येईल असे, तिघे मागे. चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला जोरात आणि जमिनीलगत फिरवायचा. चौकोन एक पाऊल उशिरा सरकला की दुसऱ्या खांबाकडे तिरका पास. पास हळू गेला की मधे पाय येतो आणि ३० मीटरवरून रिकाम्या गोलात चेंडू जातो. आडव्या पासमधल्या आळसाने गमावलेले सामने असंख्य आहेत.

पाल्माने ही कल्पना पुढे नेली. अंतोनियो वादियो यांच्या प्रशिक्षणाखाली खरा गोलकीपरच चेंडू घेऊन पुढे येऊ लागला, तोही मागे पडल्यावर नव्हे तर सामना बरोबरीत असताना. चेंडू ताब्यात राहतो, प्रतिस्पर्धी पळून दमतो. मला तरी गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात धाडसी कल्पना वाटते.

लाल कार्डाचा हिशेब वेगळा. बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. संघ दोन मिनिटं एकाने कमी खेळतो, पण चौघांविरुद्ध पाच असताना गोल खाल्ला तर त्याची जागा लगेच भरता येते. त्या दोन मिनिटांत बचाव करताना फाउल टाळणं आणखी कठीण.

शेवटी जादा वेळ. बाद फेरीत बरोबरी झाली की ५-५ मिनिटांचे दोन भाग, मध्ये विश्रांती नाही, टाइमआउटही नाही. आणि फाउल पुसले जात नाहीत, दुसऱ्या हाफचेच पुढे चालू राहतात. पाच फाउल घेऊन जादा वेळेत शिरलेल्या संघाच्या पहिल्याच चुकीला चेंडू १० मीटरच्या खुणेवर जातो. म्हणून ३५व्या मिनिटाला स्कोअरबोर्डवर गोलांच्या शेजारचा फाउलचा आकडा वाचायचा. तिथे ४ दिसत असतील तर प्रेसिंग मध्यरेषेपर्यंत खाली आणायचं, गोल कितीही हवा असला तरी.