आमची वाटचाल : शनिवार पेठेतील पिशव्यांचा कारखाना

साताऱ्याच्या शनिवार पेठेत माझ्या सासरची छपाईची लहानशी प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही तिची नेहमीची कामे. 23 मार्च 2018 रोजी राज्य शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि त्या उन्हाळ्यात मोती चौकापासून राजवाड्यापर्यंतचे मिठाईवाले, औषधविक्रेते आणि किराणा दुकानदार कागदी पिशव्यांची चौकशी करत आमच्याकडे येऊ लागले. कागद, कटिंग मशीन आणि कागदाची जाण घरात होतीच, घड्या घालणारे हात मात्र हवे होते. माझे धाकटे दीर बौद्धिक अक्षमता असलेले आहेत. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपल्यापासून त्यांचा दिवस टीव्हीसमोर आणि प्रेसच्या ओट्यावर जात असे. कारखान्याचे पहिले कामगार तेच झाले.

त्यांच्या शाळेतील जुने सोबती कोठे आहेत याची चौकशी केली, तेव्हा गोडोली, शाहूपुरी, करंजे अशा भागांतून तिशी-चाळिशीतील माणसे सापडत गेली. घरच्यांनी त्यांना मायेने सांभाळले होते, खाण्यापिण्याची आबाळ कोणाचीच नव्हती. पण शाळा सुटल्यानंतर घराबाहेरच्या एकाही माणसाशी त्यांची नवी ओळख झालेली नव्हती. सणासमारंभाला त्यांना मागच्या खोलीत बसवले जाई आणि शेजारीही त्यांची विचारपूस आईकडेच करत. आमच्या सगळ्या वाटचालीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच, की या माणसांना मजुरी मिळवून देणे त्या मानाने सोपे होते. गावाशी त्यांची स्वतःची ओळख जोडून देणे अवघड होते आणि त्याला फार वेळ लागला.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर कोणाचे 50 टक्के लिहिलेले असते, कोणाचे 75. त्या आकड्यावरून हाताला कोणते काम जमेल हे समजत नाही, ते कामावर बसवूनच पाहावे लागते. कागदी पिशवीत बाजू चिकटवणे सोपे असते, खरी कसोटी बुडाची. दोन्ही कोपरे उघडून शंकरपाळ्यासारखा आकार करायचा, मग खालची पाकळी मध्यरेषेच्या थोडी पुढे आणायची आणि वरची तिच्यावर बसवायची. हे सुरुवातीपासून क्रमाने शिकवले की शिकणारा मध्येच थकतो. विशेष शिक्षक वापरतात ती उलटी पद्धत आम्ही घेतली. आधीच्या सर्व घड्या शिकवणाऱ्याने घालून द्यायच्या आणि शेवटची पाकळी तेवढी शिकणाऱ्याने दाबायची. ती जमली की तिच्या आधीची घडी शिकवायची, मग तिच्याही आधीची. त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या हातातून पुरी झालेली पिशवीच बाहेर पडते आणि ती पाहून पुढची घ्यावीशी वाटते. बूड चौकोनी यावे म्हणून आत घालायला सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले. ज्यांना अंक येत नाहीत त्यांच्यासाठी 25 खाचांची पाटी केली. प्रत्येक खाचेत एक पिशवी उभी राहिली की गठ्ठा बांधायचा. आज या पाटीवरून निघालेला गठ्ठा मी पुन्हा मोजत नाही.

खळ आम्ही रोज सकाळी ताजी शिजवतो. छापखान्यांत आणि बायंडरांकडे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे, पण मोरचूद विषारी असते आणि आमच्या पिशवीत पेढे जातात, म्हणून ते आमच्याकडे वर्ज्य आहे. याच कारणाने खाद्यपदार्थांसाठी रद्दी वर्तमानपत्राची पिशवीही आम्ही करत नाही, कारण छपाईची शाई अन्नाला लागते आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे बजावले आहे. मिठाईवाल्यांना कोऱ्या खाकी कागदाची पिशवी जाते. ती महाग पडते, आणि त्यावरून काही गिऱ्हाइके गेलीही.

मजुरी नगावर द्यावी की दिवसावर, यावर घरात बराच खल झाला. नगावर दिली तर हात जलद चालणाऱ्याला चांगले पैसे मिळतात. परंतु ज्याला एका घडीला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो, तो तितकेच तास मन लावून बसूनही जवळजवळ रिकाम्या हाताने घरी जातो. आम्ही दिवसाची मजुरी ठरवली आणि ती प्रत्येकाच्या नावे बँकेत जमा करू लागलो. खाती उघडताना बऱ्याच अडचणी आल्या. ज्यांना व्यवहार समजतो त्यांचे खाते त्यांच्याच सहीने किंवा अंगठ्याने उघडले. ज्यांना आधाराची गरज होती त्यांच्या कुटुंबांनी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घेतले. असे प्रमाणपत्र बँकेला चालते हे अनेक पालकांना ठाऊकच नसते, म्हणून येथे आवर्जून लिहिते आहे.

आरंभी माल पोहोचवण्याचे काम माझे यजमान स्कूटरवरून करत. पुढे आम्ही ठरवले, की पायी जाण्यासारख्या अंतरावरच्या दुकानांत गठ्ठे कारागिरांनीच न्यायचे, दोघादोघांनी, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या दुकानात. दुकानदाराने गठ्ठा घ्यायचा, वहीवर सही करायची आणि काही बोलायचे असेल ते आणणाऱ्याशीच बोलायचे. सुरुवातीला काही दुकानदार आमच्या कारागिरांच्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहत आणि सोबत कोण आहे असे विचारत. सोबत कोणी नाही हे दोन-चार वेळा अनुभवल्यावर ते थेट बोलू लागले. आमच्याकडे वयाप्रमाणे दादा, ताई, काका म्हणण्याचा रिवाज आहे, तो दुकानांतही आपोआप पोहोचला. मला सगळेच वहिनी म्हणतात, कारण दीर तसे म्हणतात.

विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख दुकानाच्या उंबऱ्यापुरती असते, हेही हळूहळू ध्यानात आले. ज्याला आयुष्यभर मदत घेणाराच समजले गेले त्याने गावाला स्वतःहून काही द्यावे, अशी जागा हवी होती. ती पहिल्यांदा मिळाली एका वाचनालयात. तेथील पुस्तकांची वेष्टने फाटली होती आणि ती बदलायला माणूस नव्हता. खाकी कागदाची काटेकोर घडी हेच तर आमच्या कारागिरांचे रोजचे काम. आठवड्यातून एक दुपार चौघे तेथे जाऊ लागले. पुस्तक उघडून दोन्ही पुठ्ठ्यांना कागद सारखा येतो का पाहायचे, घडी नखाने दाबायची, पुठ्ठा आत सरकवायचा, पाठीवर जुन्या वेष्टनावरचा क्रमांक डकवायचा. त्यांतल्या एका ताईंना वाचता येत नाही. पण क्रमांकाची चिठ्ठी उलटी लागलेली त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दुपारी वर्तमानपत्र वाचायला येणारे निवृत्त शिक्षक आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी त्यांना नावाने हाक मारू लागले. एका विद्यार्थिनीने आपली नेमणूक झाल्याचे पेढे आधी त्यांना आणून दिले. या कामाचे आम्ही पैसे घेत नाही, आणि घेऊ नयेत असा कारागिरांचाच आग्रह आहे.

नंतर गणेश विसर्जनाच्या दिवशी तळ्याकाठी निर्माल्य वेगळे करण्याचे काम आले. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी एक गट जातो. गर्दी आणि ढोलांचा आवाज ज्यांना सोसत नाही ते दोन्हीकडे जात नाहीत. ते त्या दिवशी रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरतात. सेवा प्रत्येकाच्या स्वभावाला मानवेल अशीच असावी, याबाबत मी कोणाचे ऐकत नाही.

या ओळखींचा उपयोग काय, असे एका पालकांनी मला स्पष्टच विचारले होते. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरचे, म्हणजे भुयारी मार्गाचे, काम चालू होते तेव्हा बसथांबे वरचेवर हलत असत. आमचे एक दादा रोजच्या खुणा न दिसल्याने गोंधळले, भलत्याच बसमध्ये चढले आणि संगम माहुलीला उतरले. तेथे त्यांना वाचनालयातील एका गृहस्थांनी ओळखले, चहा पाजला आणि आम्हाला फोन करून कारखान्याच्या दारापर्यंत आणून सोडले. दादांच्या वडिलांनी त्यानंतर त्यांच्या एकट्याने फिरण्याला पुन्हा कधी हरकत घेतली नाही.

टाळेबंदीचा काळ सर्वांसारखाच आमच्यावरही आला. घड्या घातलेला कागद घरोघर पोहोचवून आम्ही रोजची सवय कशीबशी टिकवली. त्यानंतर एका मोठ्या खरेदीदाराने वर्षभराचे काम देऊ केले; अट एवढीच, की प्रत्येक पिशवीवर कारागिरांचे छायाचित्र आणि त्यांच्या व्यंगाविषयी दोन ओळी छापाव्यात. कारागिरांना विचारले. दोघांनी मान डोलावली, बाकीचे गप्प बसले, आणि माझे दीर म्हणाले, “वहिनी, पेढ्यांवर पेढेवाल्याचा फोटो असतो का?” ते काम आम्ही घेतले नाही. दयेपोटी घेतलेली पिशवी एकदाच घेतली जाते. बूड मजबूत म्हणून घेणारे पेढेवाले आजही आमच्याकडे आहेत.

आज चौदा जण कामाला आहेत. पावसाळ्यात कागद सादळतो, खळ वाळत नाही, म्हणून आषाढ-श्रावणात कापडी पिशव्या आणि राख्या, पुढे दिवाळीसाठी पणत्या रंगवणे असा क्रम बसला आहे. आमच्या माघारी यांचे कसे होणार, हा पालकांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, पालकत्वाचीही कायद्यात सोय आहे, परंतु राहायला घर आणि सोबतीला माणूस या गोष्टी कागदपत्रांनी मिळत नाहीत. सध्या तीन कुटुंबे एकत्र येऊन गोडोलीत भाड्याचे घर पाहत आहेत. ते कारखान्यापासून आणि वाचनालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे, ही अट कारागिरांनी घातली आहे.

मोठी मागणी असल्यास किमान तीन आठवडे आधी कळवावे, ही विनंती. घाईसाठी आम्ही बाहेरून मजूर लावत नाही आणि जेवणाची सुट्टीही कमी करत नाही. गठ्ठा घेऊन जे येतील त्यांच्यासमोर तो उघडून पाहावा, एखादी पिशवी नापास वाटली तर त्यांनाच दाखवावी आणि वहीवर सही करावी.